न धुतलेलं एखादं कापड

शेठ कसा गेला असं कुणी विचारलं की मी गोधडीची गोष्ट सांगते. मी त्याची गोधडी धुतली, तिचा वास गेला, म्हणून तो परक्या घरी रमला नाही आणि निघून गेला. लोक चुकचुकतात, म्हणतात, "जाऊ द्या नंदाबाई, तुम्हाला तरी काय माहीत." जालन्यात, मस्तगडातल्या आमच्या गल्लीत ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ झाली आहे. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी मी कुणाला सांगितलेली नाही.

आधी माझ्या धुण्याबद्दल सांगते. मला धुण्याचं वेड आहे, आणि ते मी कधी लपवलेलं नाही. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसलं तरी माझी दोरी रिकामी नसते. आमचे रामराव म्हणायचे, "नंदा, माणूस उठायच्या आत तू खालची चादर ओढतीस. एखाद्या दिवशी मलाच पिळून वाळत घालशील." दिवसभर माझ्या कमरेला जुन्या सुती लुगड्याचं हातपुसणं खोचलेलं असतं. तेसुद्धा रात्री धुवायचं आणि सकाळी वाळलेलं परत खोचायचं. संध्याकाळी मी पीठ मळायला उभी राहिले की शेठ मागून येऊन त्याचं टोक दातात धरायचा आणि हळूच ओढायचा. मी ओरडायचे, तो सोडायचा, आणि पुन्हा धरायचा. हा आमचा रोजचा तमाशा होता.

शेठ हा आमचा कुत्रा. अगदी गावठी, तांबडा, अंगानं सडपातळ, एक कान उभा आणि एक पडलेला. रामराव मोंढ्यात एका आडतीवर एकतीस वर्षं मुनीम होते. तिथंच पोत्यांच्या थप्पीमागं हे पिल्लू सापडलं आणि ते त्याला खिशात घालून घरी घेऊन आले. "जन्मभर दुसऱ्याला 'होय शेठ' म्हणलो," ते म्हणाले, "आता ह्या शेठला मी हाक मारली की ह्यानं शेपूट हलवत यायचं." आणि तो यायचाही. सहाच्या ठोक्याला मोंढ्यातून रामरावांची स्कूटर गल्लीत वळली की घरात कुणालाच काही ऐकू यायच्या आधी शेठ दारात उभा असायचा.

रामराव गेले त्या दिवशी ते असेच सहाला आले. सदरा काढून खुंटीला टाकला, बनियनवर चहा प्यायले आणि छातीत दुखतंय म्हणाले. दवाखान्यात नेताना मी घाईघाईनं त्यांना दुसरा, धुतलेला सदरा घातला. इतक्या घाईतही धुतलेलाच. ते परत आले ते गाडीतून, झाकलेले. दहाव्यानंतर नणंदांनी त्यांचे कपडे गाठोड्यात बांधून देऊन टाकले, रिवाजच आहे तसा. खुंटीवरचा तेवढा सदरा मी आधीच उचलला होता. घाम, सुपारी आणि मोंढ्यातली ज्वारीची धूळ, सगळं त्यात होतं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी घट्ट गाठ मारली आणि कपाटात शालींच्या खाली ठेवला. महिन्यातून एखाद्या वेळी दार लावून ती गाठ सोडायची, एक श्वास घ्यायचा आणि लगेच पुन्हा बांधायची. जास्त वेळ उघडी राहिली तर वास संपून जाईल अशी मला धास्ती असायची.

एकदा दाराची कडी घालायची राहिली. मी गाठ सोडली आणि शेठ अंगणातून सरळ आत घुसला. पिशवीत तोंड खुपसून असा काही कण्हू लागला की बाहेर ऐकू जावं. मी त्याच्या नाकाडावर फटका मारला आणि त्याला बाहेर काढून कडी घातली. तो दाराशी बराच वेळ बसून होता. मला त्या दिवशी लाज वाटली नाही, हे मुद्दाम लिहिते. तो माझी वस्तू चोरायला आला असंच मला वाटलं.

रामराव गेल्यापासून शेठ भित्रा झाला होता. मी दळण आणायला निघाले तरी उंबऱ्यात आडवा पडायचा. बॅगेची चेन वाजली की थरथर कापायचा, तोंडातून लाळ गळायची. गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, "मावशी, आजार काही नाही. तुम्हीही निघून जाल असं त्याला वाटतं." मला हसू आलं. मी जाईन म्हणून कोण कशाला भिईल? तो त्यांची वाट बघत होता, एवढं मला कळत होतं. मी आपली भाकरी टाकणारी बाई.

मग प्रियदर्शनीचं आलं. माझी लेक, हैदराबादला असते. बाळंतपणाला माहेरी येणार होती, पण आठव्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलं. तेव्हा मीच जायचं ठरलं, निदान पंचवीस दिवस. जावई अंगदराव फोनवर म्हणाले, शेठलाही आणा, पण त्यांच्या घरमालकाला कुत्रं चालत नव्हतं. शेजारच्या शालूनं ठेवून घेतलं असतं, पण तिच्या घरी दोन मांजरं. संभाजीनगरला कुत्र्यांना ठेवून घेणारी एक जागा आहे, ती जाऊन पाहिली. ओळीनं पिंजरे होते. शेठनं आत नुसतं पाहिलं आणि जागेवर मुतला.

तेव्हा राधाकिसनभाऊंचं नाव निघालं. भोकरदनच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांचं शेत आहे. वर्षानुवर्षं ज्वारी घेऊन ते रामरावांच्या आडतीवर यायचे. वडिलांच्या काळी घरात दीडशे मेंढरं आणि ती राखायला चार कुत्री होती. आता मेंढरं गेली, शेत आणि आठ शेळ्या उरल्या. पण कुत्री सांभाळायचा हात त्या घरातून गेला नाही. गुरांचे डॉक्टर एकदा लग्नाला जाताना स्वतःचं कुत्रं तिथं ठेवून गेले आणि तेव्हापासून एकमेकांच्या सांगण्यावरून लोक आपली कुत्री नेऊन सोडू लागले. ना पाटी, ना काही.

राधाकिसनभाऊंची एक रीत होती. पहिल्या खेपेला कुत्र्याला घेऊन यायचं, चहा प्यायचा आणि त्याला घेऊनच परत जायचं. दुसऱ्या खेपेला अर्धा दिवस सोडायचं. तिसऱ्या खेपेला एक रात्र. "वहिनी, कुत्र्याला जागा न्हाई कळत," ते म्हणाले, "त्याला मानूस कळतं. अन् मानूस नसंल तर मानसाचा वास. आपलं मानूस जातं अन् बराबर परत येतं, हे त्याच्या ध्यानात यावं लागतं."

त्यांची बायको आसराबाई शेळीची धार काढत होती. तिथूनच म्हणाली, "ताई, येताना त्याची थाळी आना, घरचं पीठ आना, अन् तुमच्या अंगावरचं न धुतलेलं एखादं कापड आना. साबन लावू नका बरं त्याला."

तिन्ही खेपा मी नेमानं केल्या. शेठच्या अंगाखाली एक गोधडी असायची. दुपारी मीही तिच्यावरच लवंडायची, रामरावही लवंडायचे. तीच नेत होते, आहे तशी. रात्रभर सोडला त्या वेळी माझा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सकाळी जाऊन बघते तर शेठ गोधडीवर पाय पसरून पडलेला, थाळी चाटून साफ. आसराबाई म्हणाली, "बिलकुल काळजी करू नका, जमलं त्याचं." मला इतकं हायसं वाटलं की मी तिला माझ्या हातचे चार लाडू जास्त दिले.

निघायच्या आदल्या दिवशी मी पहाटेपासून धुणं काढलं. गावाला जाताना घरात मळकी चिंधी ठेवून जायचं नाही, हे मला माझ्या आईनं शिकवलं. चादरी, पडदे, पायपुसणी, उश्यांचे अभ्रे, सगळं. बॅग मी शालूच्या घरी भरली होती, शेठला चेन ऐकू येऊ नये म्हणून, एवढी हुशारी मला होती. दुपारी सगळं वाळत पडलं आणि स्वच्छ कपड्यांच्या शेजारी ती गोधडी फार कळकट दिसायला लागली. एका रात्रीचं ठीक होतं. पण पंचवीस दिवस आसराबाईच्या सारवलेल्या ओट्यावर ही पडून राहणार, येणारे-जाणारे बघणार, आणि म्हणणार, मुनीमजींच्या घरचं अंथरूण का हे?

आसराबाईचं बोलणं मी विसरले नव्हते. पण साबण लावू नका हे माझ्यासारखीला सांगितलेलं नसतं, असं काहीतरी मी मनाशी धरलं. गोधडी दोनदा धुतली. पाणी काळं निघालं आणि मला बरं वाटलं.

सोमवारी मी आणि शालू रिक्षानं शेठला घेऊन गेलो. मी त्याला म्हणाले, "येते रे." त्यानं ओट्यावरची गोधडी हुंगली, बाजूला सरकला आणि माझ्याकडे पाहिलं. मी गाडी चुकेल म्हणून मान वळवली. आगगाडीत बसल्यावर कमरेला हात गेला तेव्हा लक्षात आलं की हातपुसणं कुठंतरी पडलं. सकाळी रिक्षा आली म्हणून गडबड झाली होती, तेव्हाच गळालं असणार. पडलं तर पडलं म्हणाले.

बुधवारी आसराबाईचा फोन आला. "ताई, त्यो भाकरीला तोंड लावून न्हाई राह्यला. पानी पितो तेवढंच. गोधडीवर बसतच न्हाई, तिच्या बाजूला मातीत बसून राह्यला." मग तिनं विचारलं, "धुतली का वो तुम्ही ती?"

"जराशी," मी म्हणाले.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोलले असते आणि मोकळी झाले असते. ती म्हणाली, "जाऊ द्या. कुनापाशी घराची चावी हाय का? घरात न धुतलेलं काय असंल तर जल्दी पाठवा. कायबी चालंल. चिंधी बी चालंल."

माझ्या डोळ्यांपुढे कपाट आलं. शालींच्या खालची पिशवी, तिची गाठ. सदरा तिथं मातीत पडणार, शेठ त्याच्यावर लोळणार, लाळ लावणार, शेळ्या तुडवणार, आणि आठ दिवसांत त्यात रामराव उरणार नाहीत. माझ्याजवळ त्यांचं तेवढंच होतं.

"न्हाई वो," मी म्हणाले. "मी घरात मळकं काही ठेवतच न्हाई."

त्यातही मला थोडी ऐट वाटली. ती वाटली हे आठवलं की आजही अंग आकसतं.

गुरुवारी शालूचा फोन. तिनं राधाकिसनभाऊंशी स्वतःच बोलून घेतलं होतं. "काकू, चावी माझ्याकडंच हाय. मी घरात जाऊन पाहते ना. काही ना काही सापडंल."

"काही न्हाई तिथं," मी म्हणाले. "उगी कपाटं उघडत बसू नको."

"अवो, पण नुसतं पाहायला काय जातं?"

"शालू, न्हाई म्हणलं ना मी!"

माझा आवाज इतका चढला होता की आतल्या खोलीतून प्रियदर्शनीनं विचारलं, आई काय झालं. मी सांगितलं, काही नाही, शेठ जरा रुसलाय. रुसलाय असा शब्द मी वापरला. तीन दिवस अन्न न घेतलेल्या जिवाला.

शुक्रवारी पहाटे प्रियदर्शनीला कळा सुरू झाल्या आणि दुपारी तिला मुलगी झाली. त्या धांदलीत मी शेठला विसरले असं म्हणता आलं असतं, पण विसरले नव्हते. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी मनाशी म्हणत होते, दोन दिवस अजून बघू, भुकेनं खाईल. भूक लागली की सगळेच खातात.

शनिवारी संध्याकाळी बाळ रडायला लागलं. प्रियदर्शनीला टाके तपासायला आत नेलं होतं. बाळ माझ्या मांडीवर, मी घरून शिवून आणलेल्या दुपट्यात. सात पाण्यानं धुतलेलं, उन्हात कडक वाळवलेलं मऊ दुपटं, मला त्याचा केवढा अभिमान. बाळ काही राहीना. मी हलवलं, थोपटलं, गाणं म्हटलं. चेहरा लालबुंद, हातपाय ताठ. तिथली नर्स आली. तिनं खाटेवर पडलेली प्रियदर्शनीची ओढणी उचलली, दोन दिवस वापरलेली, घामट, दुधाचे डाग पडलेली. मी म्हणणारच होते की ती धुवायची आहे. नर्सनं ती बाळाच्या गालाशी नुसती ठेवली. बाळानं नाक फिरवलं, दोनदा हुंदका दिला आणि शांत झालं.

"अम्मा का बास पहचानते," नर्स म्हणाली आणि निघून गेली.

मी बाळाला पाळण्यात ठेवलं, बाहेर व्हरांड्यात आले आणि शालूला फोन लावला. कपाट, शाली, पिशवी, सगळं सांगितलं. शालूनं एकही प्रश्न विचारला नाही. शेवटची बस निघून गेली होती. म्हणाली, उद्या पहिल्या बसनं जाते.

रविवारी साडेदहाला तिचा फोन आला. ती शेतात पोचली होती, पण शेठ नव्हता. पाच दिवस पोटात काही नव्हतं, त्यात आधीच सडपातळ, त्याची मान इतकी बारीक झाली होती की उजाडता उजाडता त्यानं गळ्यातल्या पट्ट्यातून डोकं काढून घेतलं. राधाकिसनभाऊ धार काढून आले तर खुंट्याला पट्टा तसाच, बकल लावलेला.

राधाकिसनभाऊंनी फोन घेतला. "वहिनी, माफ करा. कुत्रं आजवर हातचं गेलं न्हवतं माझ्या. पट्टा आवळून पाह्यला पाह्यजे व्हता मी." त्या माणसानं माझी माफी मागितली. मी ती मागू दिली.

शेताच्या बांधावर एक कडुलिंबाचं झाड आहे. ज्या तुरीत शेठ शिरताना आसराबाईला लांबून दिसला होता, ती त्याच्या पलीकडे. राधाकिसनभाऊंनी शालूनं आणलेलं तिथं लिंबाखाली पोत्यावर अंथरलं. शेजारी पाणी आणि भाकरी ठेवली. म्हणाले, हरवलेलं कुत्रं लांब जात नाही, वासावर येतं. आपण पळायचं नाही, हाका मारायच्या नाहीत.

मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला. "येऊन गेल्ता. डोळ्यानं पाह्यला. मी हाललो न्हाई, पर लांबून कुनाचा तरी ट्रॅक्टर आला अन् त्यो तुरीत गेला. तुम्ही येऊन बसल्या तर येईल बघा."

मी जाऊ शकले नाही. बाळाला कावीळ होती, दिव्याखाली ठेवलं होतं, प्रियदर्शनीला उठून बसता येत नव्हतं, आणि अंगदराव एकटे कुठं कुठं पुरणार. हे कारण खरं आहे. त्याबद्दल मला कुणी बोल लावणार नाही आणि मीही लावत नाही. रोज संध्याकाळी फोन करायची. रोज आसराबाई म्हणायची, "न्हाई आला आज. उद्या पाहू."

त्यानंतर सोळा दिवसांनी मी निघाले. पहाटे परतूर गेलं तेव्हापासून मी गाडीच्या दारात उभी होते. जालन्याला उतरले ती बॅगेसकट भोकरदनच्या बसमध्ये बसले. घरी गेलेच नाही.

लिंबाखाली पोतं होतं. त्याच्यावर सदरा. बाह्या पसरलेल्या, दवानं आणि उन्हानं कडक झालेला, एका खिशात लिंबाच्या काड्या. मी तो उचलून तोंडाला लावला. मातीचा वास आला, उन्हाचा आला. बाकी काहीच नव्हतं.

"त्याचे केस न्हाईत वो ह्याच्यावर," मी म्हणाले. "त्यो निजला व्हता ना इथं?"

राधाकिसनभाऊ म्हणाले, "निजला न्हाई, वहिनी. आला, सदऱ्याला नाक लावलं, सोडून दिलं. मंग शेजारचं ते कापड हुंगत उभा राह्यला. लई वेळ. अन् ते तोंडात धरून गेला."

"कोणतं कापड?"

"शालूताईनं आनल्तं ना संगं. फडकं."

मी तिथूनच शालूला फोन केला. ती म्हणाली, "हो काकू, तुमचं हातपुसणं. सदरा काढायला गेले तर गॅसच्या टाकीमागं पडेल दिसलं, पिठाचं बरबटलेलं. म्हणलं धुतलेलं तर न्हाई ना, असू द्या संगं. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. त्यात काय सांगायचं म्हणलं."

मी पोत्यावर बसले. गुरुवारी तिला 'जा, बघ' म्हणाले असते तर ते हातपुसणं शुक्रवारी शेठपुढं पडलं असतं. मी तिला आत जाऊ दिलं नाही ते सदऱ्यासाठी, आणि सदरा त्याला नकोच होता. मोंढ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतो, तो त्यांच्यासाठी बसतो, असं मी वर्षभर धरून चालले. रामराव गेल्यावर त्या कुत्र्यानं रडून घेतलं होतं आणि मग तो माझ्याकडे वळला होता. उंबऱ्यात आडवा पडायचा तो मला अडवायला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मी हसले होते.

आसराबाई चहा घेऊन बांधावर आली. माझ्या मांडीवरच्या सदऱ्याकडे बघत म्हणाली, "ताई, एक इचारू? ह्यो सदरा घरातच व्हता का? बुधवारी मी म्हणलं तवा?"

तिनं साधं विचारलं होतं. खरं बोलायला याहून चांगली वेळ मला मिळाली नसती.

"विसरले व्हते," मी म्हणाले.

"व्हय वो," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "दुःखात मानूस इसरतं."

तीन दिवस मी लिंबाखाली बसले. शेठ आला नाही. तुरीच्या पलीकडच्या वस्तीवर कुणी म्हणालं, तांबडं कुत्रं दिसलं होतं, तोंडात काहीतरी होतं. मग तेही कुणी म्हणेना.

आता दर गुरुवारी मी भोकरदनच्या बसनं जाते. नेसलेलं पातळ तीन दिवस तसंच अंगावर ठेवते, त्यातच झोपते, त्यालाच हात पुसते, आणि मग न धुता पिशवीत घालून घेऊन जाते. बसमध्ये शेजारची बाई कधी नाकाला पदर लावते. लावू दे. लिंबाखाली जुनं उचलायचं, नवं अंथरायचं, थाळीत पाणी भरायचं. आसराबाई चहा करते. पुढच्या खेपेला तिला सगळं सांगायचं असं मी परतीच्या बसमध्ये दर वेळी ठरवते.

सदरा मी धुऊन टाकला. आता त्याला राखण्यासारखं काही नव्हतं. इस्त्री करून कपाटात ठेवला आहे, पिशवीत नाही, वरच, शालींच्या ढिगावर.

संध्याकाळी पीठ मळायला उभी राहते तेव्हा कमरेला नवं हातपुसणं असतं. ते मी आता रोज धुवत नाही. अधूनमधून त्याचं टोक मीच हातानं जरासं मागं ओढून बघते.